एकेचाळीस खड्डे

दिवाळीपासून जानेवारीचा शेवटचा रविवार उजाडेपर्यंत मी आमच्या शेतात एकेचाळीस खड्डे खणले. आकडा अंदाजे नाही. वहीत नोंद आहे: खड्ड्याचा नंबर, तारीख, खोली आणि शेवटच्या रकान्यात सापडलेली वस्तू. या शेवटच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी "माती" असं लिहिलं आहे, कारण मी वहीत खोटं लिहीत नाही.

खड्ड्यांचं मूळ गुरम्मा आत्या. अप्पांची थोरली बहीण, वय अठ्ठ्याहत्तर, मुक्काम मैंदर्गी. भाऊबीजेला सोलापूरला आली आणि फराळाला बसल्या बसल्या तिनं गोष्ट काढली. रझाकारांच्या धामधुमीत ती पाळण्यात होती. तेव्हा तिच्या आजीनं घरातले सगळे चांदीचे राणीछाप रुपये गाडग्यात भरले आणि अक्कलकोट रोडवरच्या आमच्या शेतात, विहिरीजवळच्या कडुनिंबापासून दहा पावलांवर पुरले. "आनि मग काय झालं, ऐक की—" असं आत्या म्हणाली तेव्हा मी ताटावरून उठलो होतो आणि मोबाइलवर मेटल डिटेक्टर शोधत होतो. उरलेली गोष्ट आत्यानं शंकरपाळ्यांना सांगितली.

मशीन लातूरच्या एका माणसाकडून आलं. वापरलेलं, पण त्याच्या म्हणण्यानुसार फक्त आशेनं वापरलेलं. या मशीनला तीन तुकड्यांची दांडी असते, म्हणजे माणूस ताठ उभा राहून खालची तबकडी जमिनीवरून फिरवू शकतो. मला दांडीचा एकच तुकडा मिळाला. त्यामुळे कमरेत काटकोनात वाकून काम करावं लागायचं, भात लावतात तसं. आमच्या भागात भात लावत नाहीत, त्यामुळे रस्त्यावरून जाणारे लोक गाड्या थांबवून बघायचे. माहितीपत्रक चिनी भाषेत होतं. चित्रं मात्र समजत होती. त्यातल्या चित्रातला माणूस हसत होता आणि त्याच्या पायाशी सोन्याचा ढीग होता.

मशीन तल्लख निघालं. तबकडीजवळ धातू आला की ते "टूं" करतं आणि वरच्या काट्यावर कुठला धातू ते दाखवतं. मी वाकलो की टूं. काटा थेट चांदीवर. दोन पावलं पुढं जाऊन वाकलो की परत टूं, परत चांदी. पहिल्या रविवारीच माझ्या लक्षात आलं की आजीनं एक गाडगं पुरलेलं नसून अख्खं शेत चांदीनं भरून ठेवलेलं आहे. फक्त ती चांदी वर यायला तयार नव्हती. बाराव्या खड्ड्यात बैलाचा नाल निघाला, तेविसाव्यात पंचवीस पैशांचं नाणं, साल एकोणीसशे अठ्ठ्याऐंशी. नाणं मी स्वच्छ धुऊन डबीत कापसावर ठेवलं.

घरात याचं कौतुक झालं नाही. अप्पांचं कुंभार वेशीत भांड्यांचं दुकान आहे, म्हणजे धातूशी आमच्या घराचं जुनं नातं. पण अप्पांचं मत असं की धातू दुकानात असावा. माझी बहीण अक्षता इंजिनिअरिंगला आहे. माझं नाव बसू, पण ती मला खड्डेसम्राट म्हणायची. अव्वा, म्हणजे माझी आई, काही म्हणायची नाही, फक्त रविवारी संध्याकाळी माझे कपडे वेगळ्या बादलीत भिजवायची.

एकट्या आत्याला अभिमान होता. दर रविवारी संध्याकाळी मैंदर्गीहून तिचा फोन यायचा.

"आज किती झाले रे?"

"चौतीस, आत्या."

"शाबास. वरवर खणून बंडाळपणा करू नगं. खोल खण."

भजनाच्या बायकांना तिनं सांगून ठेवलं होतं की माझ्या भाच्याकडं धरणीच्या पोटातलं बघायचं मशीन हाय, दवाखान्यात पोटातलं बघतात तसं. त्यातल्या दाक्षायणीकाकूंनी एकदा विचारलं, "मग काय दिसलं?" तेव्हा आत्या म्हणाली, "अजून महिने भरायचेत."

हे असं म्हटल्यावर दाखवणं भागच होतं. जानेवारीच्या शेवटच्या रविवारी आत्यानं हुरडा ठरवला. भजनाच्या पाच बायका घेऊन ती वडापच्या जीपनं सकाळी नऊलाच शेतावर उतरली. इकडून आम्ही चौघं. ज्वारी हिरवीगार, दाणा दुधात, कडुनिंबाखाली आगटी पेटवलेली. अव्वानं शेंगाचटणी, गूळ, दही आणलेलं. आत्या सकाळी साखरेची, म्हणजे डायबेटिसची, गोळी घेऊन निघाली होती, पण पोटात अन्नाचा कण घातला नव्हता. "हुरड्याला जागा ठेवलीया," म्हणाली. हे वाक्य त्या वेळी कुणालाच भीतीदायक वाटलं नाही.

हुरडा भाजेपर्यंत तिनं बायकांना शेत दाखवायला नेलं. शेत म्हणजे विहिरीजवळचा पडीक तुकडा, कारण माझं सगळं काम तिथंच होतं. आत्या पुढं, बायका मागं, मी मशीन घेऊन शेजारी. आत्या हातवारे करत सांगत होती, "हे बगा, ह्यो पयला. ह्यो दुसरा. ह्या पोरानं एकट्यानं—" आणि दिसेनाशी झाली.

म्हणजे गुडघ्यापर्यंतच. पण त्या वयात गुडघ्यापर्यंत दिसेनासं होणंही पुष्कळ असतं. दोन्ही हात टेकून ती खड्ड्यात पुढं झुकली होती. बायका ओरडल्या, अप्पा धावत आले, सगळ्यांनी मिळून तिला वर घेतलं. तिनं लुगडं झटकलं, खड्ड्याकडं वळून बघितलं आणि मला विचारलं, "ह्यो कितवा रे?"

"सदतिसावा."

"चांगला हाय," आत्या म्हणाली. "खोल हाय."

तिला काही लागलं नव्हतं. अप्पांना लागलं होतं. ते माझ्याकडं बघून म्हणाले, "सगळे बुजव. आत्ता. हुरडा नंतर."

मी फावडं घेतलं. सुरुवात सदतीसपासून केली, कारण पुरावा आधी गेलेला बरा. पायानं माती दाबून वर थोडं गवतही टाकलं. मग बाकीचे चाळीस. तीन महिन्यांचं संशोधन सव्वा तासात बुजलं.

साडेअकराला आम्ही सगळे आगटीभोवती बसलो. गरम कणसं चोळून अव्वानं पहिला हुरडा आत्याच्या ताटलीत वाढला. आत्यानं चिमूट उचलली आणि डावा हात छातीवर नेला, घास घेण्याआधी नेहमी नेते तसा. हात तिथंच राहिला. मग तो गळ्याकडं गेला, पदराखाली गेला, कमरेपाशी आला. उजव्या हातातली चिमूट ताटलीत परत पडली.

"माजं लिंग," आत्या म्हणाली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्या लिंगायतांत प्रत्येकाच्या गळ्यात इष्टलिंग असतं, बायकांच्यासुद्धा. मूल जन्मलं की थोड्याच दिवसांत स्वामी येऊन ते बांधतात. पुढं ते चांदीच्या डबीत घालून दोऱ्यानं गळ्यात, छातीवर येईल असं घालतात. माणूस गेला की ते त्याच्या हातात देऊन त्याच्याबरोबर मातीत ठेवतात. मधल्या काळात ते अंगावेगळं करायचं नाही. माझी पिढी याबाबत थोडी सैल आहे, म्हणजे अंघोळीच्या वेळी कुरकुरते. आत्याची पिढी सैल नाही. लिंग अंगावर नसेल तर घास नाही. पाण्याचा घोटही नाही.

अप्पा घाबरले की व्यवहाराचं बोलतात. म्हणाले, "अक्का, मठात फोन करतो. स्वामींना गाडीनं आणतो. दुसरं बांधून देतील."

"दुसरं?" आत्यानं त्यांच्याकडं असं बघितलं की अप्पा एकदम सात वर्षांचे झाले. "दुसरा नवरा करता येतो रे चन्ना. ह्याला दुसरं न्हाय."

"तसं न्हवं, निदान पाणी तरी—"

"सुम्किरो," आत्या म्हणाली, आणि अप्पा गप्प बसले. चिडली की ती कानडीत शिरते. मग हळूच म्हणाली, "जन्मापासून छातीवर हाय. मी ह्याच्यासंगं मातीत जायची होते. हे माज्या आधी गेलं."

अक्षतानं मला बाजूला ओढलं. सम्राट वगैरे काही म्हणाली नाही. म्हणाली, "बसू, सकाळी साखरेची गोळी घेतलीय तिनं. वर अन्न नाही. दोन-तीन तासांत साखर खाली येणार. चक्कर येईल, त्याच्यापुढंही काही होईल. आणि ती ऐकणार नाही, तुला माहितीय."

"माहितीय."

"मग ते टूं-टूं काढ की!"

आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी माझ्या मशीनची गरज आहे असं म्हणत होतं. मला आनंद झाला आणि आनंद झाल्याची लाज वाटली. दोन्ही घेऊन मी कामाला लागलो.

आधी सगळ्यांनी डोळ्यांनी शोधलं. आगटीची राख चाळली. जीप थांबली ती जागा, आत्यानं जिथं कणसं मोडली ती ज्वारीची कड, विहिरीचा काठ, पायवाट, सगळं बघून झालं. मग मी मशीन चालू केलं आणि वाकलो.

टूं. चांदी.

खणलं. माती. दोन पावलं पुढं. टूं. चांदी. माती. ज्वारीच्या कडेला टूं, विहिरीपाशी टूं, पायवाटेवर टूं. तासाभरात मी आणखी सहा खड्डे खणले. बायका भोवती जमल्या होत्या आणि प्रत्येक टूं झालं की "सापडलं, सापडलं" म्हणत हात जोडत होत्या. सहाव्या वेळी दाक्षायणीकाकूंनी जोडले नाहीत.

"ह्याला समदीकडंच दिसतंय की," त्या म्हणाल्या. "आमच्या म्हातारीला मोतीबिंदू झाल्यावर असंच व्हायलं होतं."

झाडाखाली आत्या चटईवर भिंतीसारखी ताठ बसली होती. पण दीडच्या सुमाराला ती निंबाला टेकली. कपाळावर घाम होता, जानेवारीत. अव्वा पदरानं वारा घालत होती. आत्यानं तिथूनच आवाज दिला, "किती झाले रे?" आवाज बारीक होता.

"सत्तेचाळीस, आत्या."

"व्हय? मग येईल. बसूचं मशीन हाय ते."

तिनं असं म्हणायला नको होतं. चिडली असती, रडली असती तर चाललं असतं. मी विहिरीमागं गेलो आणि धम्मदीपला व्हिडिओ कॉल लावला.

धम्मदीप कॉलेजपासूनचा मित्र. एमआयडीसीत चादरींच्या कारखान्यात माग दुरुस्त करतो. मागाच्या आवाजावरून त्याला कळतं कुठला स्क्रू ढिला आहे. रविवारीही कामावर होता.

"बोल खणीकर."

"मशीन बिघडलंय. प्रत्येक ठिकाणी चांदी दाखवतंय."

"कधीपासून?"

"दिवाळीपासून."

त्याच्या मागं माग खडखडत होते. "तीन महिने प्रत्येक ठिकाणी चांदी दाखवतंय आणि तुला आज वाटलं बिघडलंय?"

"मला वाटलं चांदी आहे."

"बरं. मोबाइल कुठंतरी टेकव. मला तू दिसला पाहिजेस. आता नेहमी करतोस तसं कर."

मी मोबाइल विहिरीच्या कठड्याला टेकवला आणि वाकलो. टूं. चांदी.

"आता वाकलेलाच राहा. मशीन जमिनीपासून वर उचल. हवेत धर."

मी उचललं. टूं. चांदी.

"हवेत पण आहे," मी म्हणालो.

"बसू," धम्मदीप म्हणाला. त्याचा आवाज अगदी हळू झाला होता, दवाखान्यात बोलतात तसा. "तुझ्या शर्टातून बाहेर काय लोंबतंय?"

मी खाली बघितलं. वाकल्यामुळं माझ्या गळ्यातला दोरा शर्टाबाहेर आला होता. दोऱ्याच्या टोकाला माझी स्वतःची लिंगाची डबी, चांदीची, तबकडीपासून चार बोटांवर झोके घेत होती.

तीन महिने. एकेचाळीस अधिक सहा खड्डे. चांदी होती, मशीन एक शब्द खोटं बोललं नव्हतं. चांदी माझ्याच गळ्यात होती.

"तुझ्या जागी मी असतो तर आठवड्यात कळलं असतं," धम्मदीप म्हणाला. "माझ्या गळ्यात काहीच नसतं."

"आता काय करू?"

"काढून ठेव की बाजूला आणि फिरव मशीन."

त्याला वाटलं सोपं आहे. मी झाडाखाली गेलो आणि सगळ्यांना खरं काय ते सांगितलं. अक्षतानं हातानं तोंड झाकलं. अप्पांनी आकाशाकडं बघितलं. मी गळ्यातला दोरा काढायला हात घातला, तेवढ्यात चटईवरून आत्या ओरडली. एवढा आवाज तिच्यात अजून शिल्लक असेल असं वाटलं नव्हतं.

"हात काड! एक मातीत गेलं, आता दुसरं उतरवतोस? माज्यासाठी? मग मी मेले तरी खानार न्हाय."

"आत्या, मग शोधू कसं?"

दुसऱ्या कुणाला मशीन द्यावं तर त्या शेतात त्या वेळी दहा माणसं होती, दहा गळे, आणि एक सोडून प्रत्येक गळ्यात एक डबी. शिवाय बायकांची जोडवी, पाटल्या, मंगळसूत्रं. लातूरच्या माणसाच्या स्वप्नात आली नसेल एवढी चांदी आमच्या अंगावर होती.

आत्या डोळे मिटून बसली. आम्हाला वाटलं चक्कर आली. अक्षता गुळाचा खडा घेऊन पुढं सरकली, तशी आत्या डोळे न उघडता म्हणाली, "गूळ लांब ठिव. मी इचार करतीया." मग म्हणाली, "छातीवरच पायजे असं कुटं हाय? आमचे आजोबा नांगर धरताना पटक्यात बांधायचे. डोक्यावर चालतंय. जितकं वर तितकं चांगलं."

दाक्षायणीकाकू म्हणाल्या, "व्हय की. आमच्यात बी बांधायचे."

माझ्याकडं पटका नव्हता. अप्पांच्या खांद्यावर टॉवेल होता, सोलापुरी, जाड, निळ्या पट्ट्यांचा. आत्यानं मला समोर बसवलं. तिनं माझ्या गळ्यातला दोरा वर घेतला, डबी माझ्या टाळूवर बसवली आणि टॉवेल गुंडाळून अशी गाठ मारली की माझ्या भुवया वर गेल्या त्या संध्याकाळपर्यंत खाली आल्या नाहीत.

"आता जा," ती म्हणाली. "आनि मान पाडून चालू नगं. देव डोक्यावर हाय."

वाकायचं तर होतंच, दांडी तेवढीच होती. मी कमरेत वाकलो आणि मान ताठ वर ठेवली. बदक पाण्यात शिरताना साधारण तसं दिसतं. मशीन चालू केलं.

शांतता.

तीन महिन्यांत मी ही शांतता ऐकली नव्हती. मला वाटलं मशीन नाराज झालं. खात्री करायला तबकडी अप्पांच्या अंगठीजवळ नेली. टूं, सोनं. अप्पा दोन पावलं मागं सरकले. मशीन ठणठणीत होतं. ते पहिल्यांदाच माझ्याऐवजी जमिनीशी बोलत होतं.

जीप थांबली ती जागा बघितली. गप्प. ज्वारीची कड, गप्प. पायवाटेवर एकदा बारीक आवाज झाला, काटा लोखंडावर, खिळा निघाला. मशीननं खिळा म्हटलं आणि खिळा निघाला, हे बघून माझ्या अंगावर काटा आला. विहिरीचा काठ, गप्प. मागं नऊ माणसं बांधावर ओळीनं उभी होती, म्हणजे सात उभी आणि आत्या अव्वाला टेकून बसलेली. आत्याचं डोकं आता अव्वाच्या खांद्यावर होतं. अक्षता मनगट धरून नाडी मोजत होती आणि माझ्याकडं बघत नव्हती.

शेवटी उरला विहिरीजवळचा पडीक तुकडा. माझेच बुजवलेले खड्डे. मी पहिल्यापासून सुरुवात केली. तिथं काही नव्हतं हे मला तीन महिने माहीत असायला हवं होतं, ते आता मशीन एकेक करून सांगत होतं. अकरा, गप्प. बावीस, गप्प. तीस. पस्तीस. छत्तीस, गप्प. सदतीस.

टूं.

काटा चांदीवर. मी डोक्याला हात लावला. माझी डबी वरच होती. म्हणजे ही दुसरी.

वर गवत टाकलेलं होतं. माती पायानं दाबलेली होती. चपलेचा ठसा माझा होता.

तेव्हा सगळं लक्षात आलं. आत्या सकाळी इथंच पडली होती. पुढं झुकली, दोरा तुटला, डबी खड्ड्यात राहिली. कुणी बघितलं नाही, कारण सगळे आत्याला बघत होते. आणि पाच मिनिटांत मी फावडं घेऊन आलो होतो आणि सगळ्यात आधी हाच खड्डा बुजवला होता. मनापासून. दाबून.

फावडं लावायचा धीर झाला नाही. हातांनी उकरलं. हातभर खाली बोटांना काहीतरी गार, गोल लागलं. काढलं, शर्टाला पुसलं. चांदी काळवंडलेली, कडा झिजून गुळगुळीत, तुटलेला दोरा अजून अडकलेला. झाकण उघडून बघितलं. लिंग आत होतं.

मी नुसतंच मशीन वर उचलून धरलं. बांधावर एकच कालवा झाला. अक्षता ज्वारीतून सरळ धावत आली, आणि ज्वारीतून धावल्याबद्दल अप्पा तिला पहिल्यांदाच ओरडले नाहीत.

आत्यानं दोन्ही हात पुढं केले. मी डबी तिच्या ओंजळीत ठेवली. तिनं ती कपाळाला लावली, छातीला लावली, परत कपाळाला लावली. विहिरीच्या पाण्यानं लिंग धुतलं, तळहातावर घेतलं, दाक्षायणीकाकूंनी विभूती दिली ती लावली. डोळे मिटले. आम्ही सगळे श्वास धरून उभे. अक्षता हातात घड्याळ घेऊन. देवाला घाई करता येत नाही, पण तिनं मनातल्या मनात केलीच असणार. मग अव्वानं स्वतःच्या पदराची किनार फाडून दोरा वळला, डबी आत्याच्या गळ्यात आली, आणि आत्यानं डोळे उघडून पहिला शब्द उच्चारला:

"गूळ."

गूळ खाल्ला. पाणी प्याली. मग गार झालेला हुरडा, शेंगाचटणी, दही, परत हुरडा. दहा मिनिटांत घाम गेला. वीस मिनिटांत ती अव्वाला म्हणाली, "चटणीत लसूण कमी हाय," आणि अव्वा पदराचा उरलेला भाग डोळ्याला लावून हसायला लागली.

"मशीननं काढलं हो," दाक्षायणीकाकू सगळ्यांना सांगत होत्या. "मी म्हनत हुते ना?"

त्या म्हणत नव्हत्या. पण त्या वेळी मी दुसऱ्याच विचारात होतो. सगळे माझ्याकडं बघत होते तसं माझ्याकडं कुणी कधी बघितलं नव्हतं. गप्प बसलो असतो तर चाललं असतं. पण घरी गेल्यावर वहीत सापडलेल्या वस्तूचा रकाना भरायचा होता, आणि वहीत मी खोटं लिहीत नाही.

"आत्या," मी म्हणालो, "सदतिसाव्यात होतं. तू पडलीस तेव्हा पडलं. वरनं मीच बुजवलं. मी फावडं मारलं नसतं तर तिथंच वर दिसलं असतं."

कालवा थांबला. अप्पांच्या तोंडून "अरे—" एवढंच निघालं.

आत्या चावत राहिली. घास गिळला. "म्हंजे पुरलंस बी तूच, काडलंस बी तूच?"

"हो."

"कुनी बगितलं न्हवतं?"

"नाही."

"मग कशाला सांगितलंस?"

"खड्डा माझा होता," मी म्हणालो.

आत्या हसली. आधी खांदे हलले, मग डबी हलली, मग सगळी आत्याच हलायला लागली. बायका हसल्या, अक्षता खाली बसून हसली. अप्पा हसू दाबायला पाठमोरे झाले, पण पाठ हलत होती.

"ये हितं," आत्यानं मला शेजारी बसवलं. मी अजून टॉवेल बांधलेलाच होतो. "तुला दिवाळीत गोष्ट सांगत हुते. निम्म्यातून उठून गेलास."

"गाडग्याची."

"गाडग्याचीच. राणीछाप रुपये पुरले. दंगा मिटला, आजीनं आठा दिसांत काडले की परत. ठिवती का काय तशीच? मला वाटलं, तू दुसरंच कायतरी हुडकतोयास. मी सा वर्षांची झाल्यावर सोनारानं ते वितळवले." तिनं गळ्यातली डबी बोटांत धरून माझ्यासमोर नाचवली. "आनि ही केली."

मी डबीकडं बघितलं. मग अप्पांकडं. अप्पांनाही ही गोष्ट माहीत नव्हती. ते बहुतेक त्यांच्या लहानपणी निम्म्यातून उठले असावेत.

"म्हणजे," अक्षता सावकाश म्हणाली, "याला खजिना सापडला."

"मग मी काय सांगत हुते?" आत्या भजनाच्या बायकांकडं वळली. अठ्ठ्याहत्तर वर्षांत इतकी ताठ ती कधी बसली नसेल. "महिने भरले म्हनलं न्हवतं? आजीचं गाडगं, ह्याच शेतातनं, माज्या भाच्यानं काडलं. कडुनिंबापासनं किती पावलं हाय रे ते?"

मी जाऊन मोजलं. बारा. परत मोजलं, जरा लांब टांगा टाकून.

"दहा," मी म्हणालो.

त्या रात्री वहीत लिहिलं: खड्डा सदतीस, दुसऱ्यांदा. खोली एक हात. सापडलेली वस्तू: खजिना. पावलांची नोंदही केली, आणि बाराच लिहिली.

पुढच्या रविवारी अप्पा दुकानातून लवकर आले. कागदात गुंडाळलेलं काहीतरी लांब त्यांच्या हातात होतं. माझ्यासमोर ठेवलं आणि दुसरीकडं बघत म्हणाले, "वाकून वाकून कंबर जाईल. मापाची करून आणलीय."

दांडी होती. चकचकीत, भरीव, दुकानातल्या सगळ्यात चांगल्या पितळेची. वर बारीक अक्षरांत माझं नाव कोरलेलं, लग्नाच्या भांड्यांवर कोरतात तसं.

मी ती त्यांच्यासमोर जोडली. आता मी ताठ उभं राहून काम करतो, माहितीपत्रकातल्या माणसासारखा. मशीन कुठंही धरलं तरी टूं करतं आणि पितळ दाखवतं. मी खणत नाही. हे पितळ कुणाचं आहे ते मला माहीत आहे.